चंद्राबाईंची खिडकी

घंटा मी वाजवली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बराच त्रागा करणार आहे आणि तो वाचताना कुणाला उगाच माझी कीव यायला नको.

झालं असं. व्हिएतनाममधल्या हा लाँग बे या उपसागरात, समुद्रातून सरळ वर उठलेल्या चुनखडीच्या डोंगरांमधून दिवसभर फिरवून आणणारी आमची बोट धक्क्याला लागली होती. बोटीच्या दारातच एक चकचकीत पितळी घंटा टांगलेली, तिला विणलेली पांढरी दोरी. मी त्या घंटेशेजारी फोटोसाठी उभा राहिलो. माझी बायको माधुरी मोबाईल डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "नुसते खांबासारखे उभे राहू नका, हाताचं काहीतरी करा." मी हाताचं काहीतरी केलं. दोरी ओढली. आवाज इतका गोड आला की पुन्हा ओढली.

ताबडतोब इंजिन गुरगुरलं, धक्क्यावरच्या माणसाने दोर सोडला आणि बोट निघाली.

आमचा गाईड, लाम नावाचा हसतमुख तरुण, धक्क्यावरच राहिला. वर सुकाणू धरून बसलेल्या माणसाला 'सगळे आले, चल' असं सांगायची त्याची खूण म्हणजे हीच घंटा, दोनदा. आणि लामच्या शेजारी, हातात कापडी पिशवी घेऊन, नुकत्याच स्वच्छतागृहातून बाहेर आलेल्या चंद्राबाई उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही की हात हलवला नाही. भोरच्या स्टँडवर डोळ्यांदेखत शेवटची गाडी गेलेलं माणूस जसं उभं राहतं, तशा त्या उभ्या राहिल्या.

त्यांचे यजमान साहेबराव बोटीत होते. ते पुढे आले, मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि दोरी एकदाच ओढली. एक घंटा म्हणजे थांबा. भोर आगाराची कुठलीही गाडी एवढ्यावर जागच्या जागी थांबली असती. बोट थांबली नाही. साहेबरावांनी पुन्हा एकदा ओढली आणि वर छताकडे अशा नजरेने पाहिलं, की तो ड्रायव्हर त्यांना दिसला असता तर त्याने नोकरी सोडली असती. शेवटी लामने धक्क्यावरून फोन केला. वरच्या माणसाला घोटाळा कळला, बोट वळली, परत लागली आणि चंद्राबाई चढल्या. सगळी मिळून पंधरा मिनिटं. एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या पंधरा मिनिटांत चंद्राबाईंची खिडकी गेली.

ती खिडकी समजायची तर आधी साहेबराव समजायला हवेत.

साहेबराव चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि त्यातली निम्मी तरी भोर–वेल्हे गाडीवर गेली. मी वेल्ह्याच्या शाळेत मास्तर आणि राहायला भोरला, त्यामुळे माझी उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या ताब्यात होती. सकाळी भोरहून निघायचं, कापूरहोळला हायवेला लागायचं, चेलाडीला आत वळायचं आणि मार्गासनी मागे टाकून तोरण्याच्या पायथ्याशी उतरायचं. या वाटेवर मी सहामाहीचे पेपर उभ्याने तपासलेले आहेत. एकदा कापूरहोळच्या गतिरोधकाने एका मुलाचे पाच मार्कांचे पंधरा झाले. ते मी तसेच ठेवले. तो मुलगा आता हायवेला ढाबा चालवतो आणि मला बिल देऊ देत नाही.

साहेबराव म्हणजे किडकिडीत अंगाचा, भरघोस मिशांचा आणि दोन माणसांच्या आवाजाचा माणूस. गाडी कितीही भरलेली असो, त्यांच्या मते ती पुढे रिकामीच असायची. "पुढं सरका, पुढं गाडी मोकळी हाय" हे ते अशा खात्रीने म्हणत, की ड्रायव्हर आनंदरावसुद्धा कधीकधी दचकून पुढे बघायचा. बाहेर महामंडळाचे नियम असतील ते असोत, दार लागलं की आत साहेबरावांचं राज्य. आणि त्या राज्यातला सगळ्यांत पक्का कायदा रुमालाचा होता.

आमच्याकडे गाडी स्टँडवर लागता लागता लोक खिडकीतून रुमाल आत टाकतात. टॉवेल, टोपी, पिशवी, एकदा एकाने भाकरीचं फडकं टाकलं होतं. ज्याचं कापड त्याची जागा. यावरून रोज भांडणं, आणि रोज साहेबरावांचा निवाडा. रुमाल आधी पडला तर जागा रुमालवाल्याची, मग दुसरा कितीही तालेवार असो. पण गाडी हलायच्या आत तो माणूस आत पाहिजे. गाडी हलली आणि माणूस आत नसला की साहेबराव तो रुमाल दोन बोटांत उचलून म्हणायचे, "रुमाल मेला." यावर अपील नव्हतं. दुसरा कायदा उलटीचा. ज्याला मळमळतं त्याला खिडकी, आणि तिथे बसलेल्याने निमूट उठायचं. एकदा त्यांनी यापायी एका फौजदाराला उठवलं होतं.

आणि एक कायदा असा होता जो फक्त एकाच माणसाला लागू होता. तिकीटवाला उभा असताना कंडक्टरच्या घरच्याने बसायचं नाही.

चंद्राबाईंचं माहेर वेल्ह्याच्या अलीकडे. वर्षातून तीन-चारदा त्या नवऱ्याच्याच गाडीने जायच्या, कर्मचाऱ्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या फुकट पासावर. भोरला चढून खिडकीशी बसायच्या. पिशवी नीट मांडीवर घेतात न घेतात तोच स्टँडवरची उरलेली गर्दी आत यायची आणि मागून साहेबरावांचा आवाज यायचा, "उठ गं." त्या उठायच्या. सोनिया, म्हणजे त्यांची मुलगी, कडेवर असताना एकदा मी न राहवून माझी जागा त्यांना देऊ केली. साहेबराव मला म्हणाले, "सर, तुमी तिकीटवाले. बसा." मी बसलो. त्या बिचाऱ्या दांडीला धरून उभ्या राहिल्या आणि सोनिया माझ्या टकलावर हात ठेवून मार्गासनीपर्यंत झोपली. तेव्हा टक्कल नुकतंच सुरू झालं होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, हे आज कबूल करतो.

साहेबराव निवृत्त झाले. सोनिया शिकून शिरवळच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर गेली. माझ्या मुलीने, शेफालीने, आम्हा दोघांना व्हिएतनामची सहल काढून दिली, तेव्हा मी उत्साहाच्या भरात साहेबरावांच्या ओट्यावर जाऊन म्हणालो, चला तुम्हीही. सोनियाने लगेच पैसे भरले. मला वाटलं होतं साहेबराव नको म्हणतील. ते तयार झाले. चंद्राबाईंनी मात्र चहाचा कप माझ्या हातात देताना एकच अट घातली. बोटीत खिडकी पाहिजे, आणि मधेच कुणी उठवायचं नाही. साहेबराव मान खाली घालून म्हणाले, "दिली." चौतीस वर्षांत त्या माणसाने कुणाला जागेचा शब्द दिल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या साक्षीने दिलेला हा पहिला.

विमानातच मला पश्चात्ताप व्हायला लागला. साहेबराव बसेचनात. मधल्या वाटेत उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला ते मराठीत मागे सरकायला सांगत होते आणि लोक सरकत होते. हवाईसुंदरीने त्यांना तीनदा बसवलं. चौथ्यांदा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू यांचा जामीन मीच आहे.

धक्क्यावर लामने प्रत्येकाला बोटीचं तिकीट दिलं. रंगीत, जाड कागदाचं, पत्त्याएवढं. आम्ही ते खिशात कोंबलं. चंद्राबाईंनी पुढून-मागून पाहिलं आणि माधुरीला विचारलं, हे माझं एकटीचं का? माधुरी हो म्हणाली. मग त्यांनी पदराच्या टोकाला ते बांधून त्याला दोन गाठी मारल्या. तेवढ्यात बोट धक्क्याला लागत होती. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांशी दोन-दोन जणांची बाकं, आणि मध्ये खुर्च्यांची एक रांग, जिला खिडकी नाही. साहेबरावांनी एका नजरेत सगळा नकाशा वाचला. बोट पुरती थांबायच्या आत त्यांनी उघड्या खिडकीतून रुमाल आत टाकला. डावी बाजू, तिसरं बाक, ऊन न येणारी. मागे उभ्या असलेल्या सगळ्या परदेशी मंडळींना वाटलं, या म्हाताऱ्याचं काहीतरी उडून गेलं.

आम्ही चढलो, चंद्राबाई जरा जाऊन येते म्हणून गेल्या, लाम त्यांना बघायला गेला आणि मी हाताचं काहीतरी केलं. बोट निघाली तशी उभी असलेली मंडळी धडाधड बसली. तिसऱ्या बाकावर कोरियाहून आलेलं एक वयस्कर जोडपं बसलं. त्यांना रुमाल सापडला. आजोबांनी त्याची व्यवस्थित घडी घातली आणि साहेबराव समोर येताच उठून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी तो त्यांना परत केला. साहेबरावांनाही वाकावं लागलं. हरवलेली वस्तू मालकाला मिळाल्याच्या आनंदात ते आजोबा पुन्हा खिडकीत बसले.

चूक माझी, तेव्हा निस्तरायचीही मीच. मी लामला गाठलं. तीस वर्षं शिकवलेलं इंग्रजी पणाला लावून मी त्याला आमच्या तालुक्यातला रुमालाचा रिवाज समजावला. तो म्हणाला, इथे कुणीही कुठेही बसतं. मी म्हणालो, आमच्याकडेही कुणीही कुठेही बसतं, पण रुमाल टाकून. त्याने डोकं खाजवलं. शेवटी मी चंद्राबाईंच्या माहेरच्या वाटेपासून सुरुवात केली, तेव्हा कंटाळून म्हणा किंवा दया येऊन म्हणा, तो त्या जोडप्याकडे गेला आणि काहीतरी बोलला. आजी-आजोबा हसून उठायलाही लागले. मला वाटलं, जिंकलं.

आणि साहेबराव आडवे आले. त्यांनी दोन्ही हातांनी त्या दोघांना खाली बसवलं.

मी म्हणालो, अहो, ते देतायत जागा.

"गाडी हलली तवा मानूस आत नव्हतं," साहेबराव म्हणाले. "रुमाल मेला."

मी म्हणालो की गाडी माझ्या चुकीने हलली. त्यांचं म्हणणं, कुणाच्या चुकीने हलली हे रुमालाला विचारायची पद्धत नाही. मी म्हणालो, इथे तुमचा कायदा कुणाला माहीत आहे? त्यांना तो माहीत होता आणि तेवढं त्यांना पुरे होतं. मी डोक्याला हात लावला. माधुरीने माझा हात डोक्यावरून काढला आणि म्हणाली की आता हाताचं काहीही करू नका.

चंद्राबाई मधल्या रांगेत बसल्या. साहेबराव त्यांच्या शेजारी बसले, म्हणजे टेकले.

बोट डोंगरांमध्ये शिरली. काय सांगू ते दृश्य! हिरव्या पाण्यातून सुळके वर आलेले, अंगावर झाडी, कडेला पाण्याने कोरलेल्या खोबण्या. एकामागे एक, एकामागे एक, शेवटचे तर धुक्यात नुसते पुसट. लाम माईकवरून दाखवत होता की हे दोन दगड म्हणजे झुंजणारे कोंबडे, हा कुत्रा, ही अगरबत्तीची वाटी. सगळी बोट आ वासून बघत होती. मी साहेबरावांना विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, तोरण्याला निम्म्यापर्यंत पाणी लावलं की हेच. थोड्या वेळाने त्यांनी लामला खुणेने बोलावलं आणि मला भाषांतर करायला लावलं. प्रश्न असा होता की एवढे डोंगर लागले, यातल्या एकाला तरी थांबा आहे की नाही. लाम म्हणाला, पुढे एक गुहा आहे, तिथे उतरायचं. मग साहेबरावांचं समाधान झालं आणि ते उठून लोकांना मागे सरकवायला लागले. जिन्यात गर्दी करून फोटो काढणाऱ्या चार ऑस्ट्रेलियन पोरींना त्यांनी वर पाठवलं. सरबताचे ट्रे घेऊन जाणाऱ्याला वाट करून दिली. लाम मला म्हणाला, तुमच्या मित्राला सांगा, ते सुट्टीवर आहेत. मी सांगितलं. साहेबराव लामकडे बघत म्हणाले, सुट्टीवर कोण आहे ते दिसतंयच.

चंद्राबाई मधल्या रांगेतच होत्या. त्या उंचीने कमी. झुंजणारे कोंबडे आले तेव्हा त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पुन्हा टेकून बसल्या. माधुरीने विचारलं, दिसले का? त्या म्हणाल्या, "मला डोसकीच दिसत्यात."

हे त्या हळूच म्हणाल्या. पण साहेबरावांनी ऐकलं. जिन्यातून ते परत आले, बसले आणि पुढची दहा मिनिटं कुणालाही मागे सरकवलं नाही.

गुहेच्या धक्क्याला बोट लागली. सगळे उतरले. साहेबराव सर्वांत शेवटी, प्रत्येक बाकाखाली वाकून बघत. कुणाचं काही राहिलं नाही याची खात्री झाल्यावर ते खाली आले आणि मला म्हणाले की गाडी रिकामी झाली, आता नवी फेरी. मला अर्थ कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. बोट प्रवाशांना सोडून बाजूला नांगर टाकणार होती आणि दीड तासाने याच धक्क्याला परत लागणार होती. साहेबराव रुमाल हातात घेऊन धक्क्यावर उभे राहिले. गुहा बघणार नाही म्हणाले. मी म्हणालो, बरं, आम्ही जाऊन येतो. तेव्हा माधुरी वळली.

"घंटा तुम्ही वाजवलीत," ती म्हणाली. "तुम्हीच थांबा यांच्याबरोबर."

ती गुहा बघायला मी साडेतीन हजार किलोमीटर आलो होतो. लेणी, गुहा, भुयारं ही माझी आवड. भोर-वेल्ह्यातली एकही कपार मी सोडलेली नाही. या गुहेत म्हणे छताला दगडी झुंबरं आहेत आणि एका दालनात अख्खं गाव मावेल. म्हणे. बायका दोनशे पायऱ्या चढून दिसेनाशा झाल्या आणि मी एका निवृत्त कंडक्टरबरोबर भर उन्हात, न लागलेल्या बोटीची वाट बघत उभा राहिलो. हे मी आयुष्यभर भोरच्या स्टँडवर फुकट केलेलं आहे.

साहेबराव मजेत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघत होते. कुठली वेळेवर आली, कुठल्या बोटीत माणसं जास्त भरली आहेत, कुणाला धक्क्याला नीट लावता येत नाही, हे मला सांगत होते. मी विचारलं, तुम्हाला गुहा बघायची नव्हती का? त्यांनी रुमालाने घाम पुसला आणि पुन्हा त्याची घडी केली. मग म्हणाले, बायकोला दिलेला शब्द आधी, गुहा काय तिथेच राहील. मी म्हणालो, गुहा राहील हो, आपण कुठे राहतोय. त्यावर त्यांनी मला सावलीत उभं राहायला सांगितलं. सावली नव्हती.

बोट आली. साहेबराव धक्क्याच्या कडेला गेले, हात मागे नेला, डावी बाजू, तिसरं बाक नेमकं हेरलं आणि रुमाल टाकला. तो फटकन काचेवर आपटला. मधल्या वेळात आतल्या माणसाने गारव्यासाठी सगळ्या काचा लावून घेतल्या होत्या. रुमाल पाण्यात पडला आणि हिरव्या पाण्यावर पसरून हळूहळू एका सुळक्याच्या दिशेने निघाला. साहेबराव त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढली. मी म्हणालो, टोपीने काय होणार, काचा बंद आहेत, दारातून आत जा आणि बसा. हा उपाय त्यांना नवा होता. त्यांच्या मते जागा धरायची ती बाहेरूनच. पण ते गेले. धावत गेले, बसले, दोन्ही हात बाकावर पसरले आणि काच सरकवून उघडली.

बायका आल्या. चंद्राबाई दमल्या होत्या, पण खुशीत होत्या. गुहेत त्यांना दगडात एक म्हैस दिसली होती, जी लामला दिसली नव्हती. साहेबराव उठून उभे राहिले आणि हाताने नुसतं खिडकीकडे दाखवलं. चंद्राबाईंनी बाकाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आत सरकल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि कोपर खिडकीत ठेवलं. साहेबराव शेजारी बसले. टेकले नाहीत, बसले. मी आणि माधुरी त्यांच्या पुढच्या बाकावर, दाराजवळ. लामने दोनदा घंटा वाजवली आणि बोट निघाली. मला पहिल्यांदाच वाटलं की माझा गुन्हा धुतला गेला.

पाच मिनिटं. मोजून पाच मिनिटं.

ते कोरियन आजी-आजोबा सर्वांत शेवटी चढले होते. त्यांना वरच्या मजल्यावर जागा होती. पण आजी जिन्याशी आल्या आणि तिथेच थांबल्या. दोनशे पायऱ्यांची चढ-उतर, वर ऊन, खाली बोटीचं हेलकावणं. चेहरा पांढरा पडलेला आणि हात तोंडावर. आजोबा घाबरून इकडे तिकडे बघत होते. एसटीत तो हात आणि तो चेहरा चौतीस वर्षं बघितलेला माणूस शेजारीच बसला होता. साहेबराव ताडकन उठले. आजींना धरून त्यांनी बाकाशी आणलं आणि मागे न बघता, सवयीने, जुन्या आवाजात म्हणाले, "उठ गं."

मी मागे वळून बघत होतो. माधुरीचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. मला भयंकर संताप आला. दीड तास उन्हात उभा राहिलो, गुहा गेली, टोपी चुरगाळली गेली, आणि हा माणूस स्वतःच...

चंद्राबाई उठल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक पुढे घेतलं आणि त्या दोन गाठी नवऱ्याला दाखवल्या.

"आज पासावर न्हाई आले म्या," त्या म्हणाल्या. "तिकीट हाय माझं. तुमी हुभं ऱ्हावा."

साहेबराव त्या गाठींकडे बघत राहिले. त्यांचा एक कायदा सांगत होता की उलटीवाल्याला खिडकी. दुसरा सांगत होता की तिकीटवाल्याला उठवायचं नाही. दोन्ही त्यांचेच. चौतीस वर्षांत हे दोन्ही एकदम एकाच बाकावर आले नव्हते, कारण चंद्राबाईंकडे कधी तिकीटच नव्हतं.

निवाडा चंद्राबाईंनी केला. त्यांनी आजींचा हात धरून त्यांना साहेबरावांच्या जागेवर बसवलं, काच पार शेवटपर्यंत सरकवली, आणि आपण मागे रेलून वारा सरळ आजींच्या तोंडावर येईल अशी वाट करून दिली. पिशवीतून आलेपाकाची वडी काढून आजींच्या हातावर ठेवली. मग एक प्लॅस्टिकची पिशवी फुंकर मारून उघडली आणि नुसती तयार ठेवली. ती वापरायची वेळ आली नाही. दहा मिनिटांत आजींच्या गालावर रंग आला. त्यांनी दुसरी वडी मागून घेतली. मग दोघी खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. एक मराठीत बोलत होती, एक कोरियनमध्ये, आणि दोघींनाही एकाच सुळक्यात एकच काहीतरी दिसत असावं, कारण दोघींची बोटं एकाच दिशेला रोखलेली होती. मी तिकडे पाहिलं. मला नुसता दगड दिसला.

साहेबराव दाराजवळ उभे होते, माझ्याशेजारी, वरच्या दांडीला एक हात अडकवून, पाय जरा फाकवून, जसे मी त्यांना अर्धं आयुष्य पाहिलं तसे. धक्का यायला अजून तासभर होता. त्यांची नजर तिसऱ्या बाकाकडे होती. मिशीखाली काय चाललं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

माझा राग ओसरला होता. शिवाय वाईटही वाटत होतं. खिडकीच्या बाकावर बायकोशेजारी बसून प्रवास करायचा त्यांचा पहिलाच दिवस, आणि वाट्याला आली पाच मिनिटं. मी सरकून अंग चोरलं, माधुरीलाही सरकवलं, बाकाच्या कडेला वीतभर जागा केली आणि म्हणालो, साहेबराव, चौतीस वर्षं उभे राहिलात, आता तासभर तरी बसा.

त्यांनी त्या वीतभर जागेकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याच्या वर लोंबणाऱ्या पांढऱ्या दोरीकडे.

"बसू कसा, सर? घंटा अजून तुमच्या हाताशी हाय."